माल दुबईला, रोज बांधावर

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरकडे केळीच्या बागेत सकाळी साडेसातला गेलात तर आधी दिसतात ती पुरुषांच्या फुल बाह्यांच्या शर्टातली बायामाणसं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. हे सगळं चिकापायी. केळीचा चीक कपड्याला लागला की काळपट डाग पडतो आणि तो कुठल्याच साबणाला जात नाही. बागेच्या कडेला ताडपत्री अंथरलेली, पाण्याने भरलेले टब मांडलेले. गडी घड खांद्यावरच्या गादीवर झेलतो, जमिनीला टेकू देत नाही. एक बाई फण्या धुते, दुसरी तुरटीच्या पाण्यातून काढते, तिसरी वजन करते. खोकं 13 किलोचं. ते 13-14 अंशांच्या थंड कंटेनरमधून न्हावाशेवा बंदराला आणि तिथून आखाती देशांत.

पूर्वी हाच घड डोक्यावरच्या चुंबळीवरून बांधापर्यंत यायचा आणि ट्रॉलीत एकावर एक रचला जायचा. साल काळी पडली तरी नांदेड-हैदराबादच्या बाजारात कुणी नाक मुरडत नव्हतं. आता साल काळी पडली की माल ‘रिजेक्ट’.

ही केळी परदेशात चांगल्या भावाने विकली जाते, शेतकऱ्यालाही लोकल मालापेक्षा जास्त भाव मिळतो. मग टबात हात घालून उभ्या असलेल्या बाईला काय मिळतं? सरळ वाटणारा हा प्रश्न उलगडायला बसलं की चांगलाच गुंततो. केळीपासून सुरुवात करून कांदा, कापूस आणि शेवटी उसापर्यंत जाऊ, म्हणजे गुंता दिसेल.

मराठवाड्यातल्या माणसाला कॅनॉलचं गणित शिकवावं लागत नाही. जायकवाडीतून पाणी सुटतं तेव्हा हेडला पाट भरून वाहतो, टेलच्या गावाला पोचेपर्यंत त्याची नुसती ओल उरते. निर्यातीतला पैसा असाच येतो. परदेशातला खरेदीदार, निर्यातदार, एजंट, पॅकहाऊस, वाहतूक, शेतकरी, गुत्तेदार म्हणजे कामाचा ठेका घेणारा आणि अगदी टेलला मजूर. अटी मात्र अशा झिरपत येत नाहीत. घड जमिनीला टेकायचा नाही, ही अट दुबईत ठरते आणि अर्धापूरच्या गड्याच्या खांद्यापर्यंत जशीच्या तशी पोचते. काम नाजूक झालं, जास्त लक्ष द्यावं लागतं, पाण्यात उभं राहावं लागतं. पण टोळीचा हिशोब बहुतेक ठिकाणी खोक्यावर किंवा क्विंटलवर. डाग निघाला म्हणून खोकं उघडून परत भरलं तर पैसे एकाच खोक्याचे.

निर्यातीने मजुराला काहीच दिलं नाही, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. केळी-द्राक्षाच्या पट्ट्यात कामाचे दिवस वाढले. कोरडवाहू गावात खुरपणी आणि वेचणी सोडली तर बाईच्या हाताला काम नसतं. बागायती पट्ट्यात ते बरेच महिने असतं. मजूर मिळेना झाले म्हणून रोजही वाढला. आमच्याकडे बाईचा रोज आता अडीचशे-तीनशेच्या घरात आहे, गड्याचा त्यापेक्षा शे-दीडशेने जास्त. (2025-26 साठी रोजगार हमीचा रोज राज्यात 312 रुपये होता, बाईला आणि गड्याला सारखाच. शेतात तो सारखा का नसतो, यावर ‘गड्याचं काम जड असतं’ हे ठरलेलं उत्तर. दिवसभर वाकून कांदा लावून बघा आणि मग बोला.)

निर्यातीमुळे आलेली आणखी एक चांगली गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. युरोपला द्राक्ष पाठवायची तर ग्लोबल गॅपसारखं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या अटींत मजुरांसाठी संडास आणि हात धुवायची सोय असते. मराठवाड्यातली द्राक्षं म्हटलं की जालना जिल्ह्यातलं कडवंची सगळ्यांना आठवतं. धाराशिव-लातूरकडेही बागा आहेत. अशा प्रमाणपत्राच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईला आडोसा शोधत फिरावं लागत नाही. अट आली ती फळ स्वच्छ राहावं म्हणून, हे खरं. पण संडास तो संडास.

फळाची काळजी आणि फळ हाताळणाऱ्याची काळजी या दोन गोष्टी एकच आहेत असं मात्र समजू नका. 2010 मध्ये युरोपने भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडवले. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले होते; मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. तेव्हापासून तपासणी आणखी कडक झाली. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या अपेडा या संस्थेच्या ग्रेपनेट पद्धतीत बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, कोणती खोकी कोणत्या प्लॉटची ते शोधता येतं. फवारणी केव्हा केली आणि काढणी त्यानंतर किती दिवसांनी करायची, याची वही ठेवावी लागते. घडावर औषध किती उरलं ते मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलं जातं. पंप पाठीवर घेऊन ते औषध मारणाऱ्या गड्याच्या अंगावर किती उडालं ते कुणीच मोजत नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. कापसाच्या गाठीला असली तपासणी लागत नाही, त्यामुळे तिथे तर वहीसुद्धा नव्हती.

आता कांदा. वैजापूर, गंगापूर, लासूर स्टेशन, इकडे आष्टी-कडा, सगळीकडे कांद्याचीच चर्चा. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं आणि 8 डिसेंबरला निर्यातच बंद केली. ती उघडली 4 मे 2024 ला, तीही 550 डॉलर आणि 40 टक्क्यांच्या अटीवर. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. बातम्यांत हे शेतकऱ्याचं नुकसान म्हणून आलं आणि ते होतंच. पण 8 डिसेंबर ही तारीख मजुराच्या बाजूने बघा. लाल कांद्याची काढणी चालू होती. काढणी, पात कापणी, गोणी भरणं हे सगळं बायकांच्या टोळ्या एकराच्या गुत्त्यावर घेतात. रोजंदारीत पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी मिळतात. गुत्त्यात काम संपल्यावर. बंदीनंतर भाव कोसळले आणि शेतकऱ्याचं वाक्य बदललं: “पट्टी आली की देतो.” पट्टी म्हणजे आडत्याकडून माल विकल्यावर मिळणारा हिशोबाचा कागद. पट्टीत तोलाई, हमाली, भाडं वजा जाऊन जे उरतं त्यातून मजुरी द्यायची. उरलंच नाही तर?

आमच्या गल्लीतली मावशी त्या हंगामात तीन शेतकऱ्यांकडे गुत्त्यावर गेली होती. एकाने लगेच दिले. दुसऱ्याने संक्रांतीनंतर अर्धे दिले. तिसऱ्याच्या घरी ती चार वेळा जाऊन आली, पाचव्या वेळी त्याच्या बायकोने चहा दिला आणि कांद्याची एक गोणी पुढे सरकवली, म्हणाली, “घेऊन जा माय, दुसरं काय देऊ?” मावशीने ती घरी आणली. भाव पडलेल्या कांद्याची गोणी, तीही मजुरी म्हणून. शेतकरी फसवा नव्हता, खरंच अडकलेला होता. दिल्लीतल्या एका अधिसूचनेचा धक्का त्याला बसला आणि त्याने तो खाली सरकवला. मावशीच्या खाली कुणी नव्हतं.

जोखीम अशी असते. भावातला फायदा झिरपत येतो आणि तोटा येतो तो पूर येतो तसा.

कापसाची तऱ्हा जरा निराळी. 2025 च्या ऑगस्टमध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, त्यात कपडे आले. आणि गिरण्यांना कापूस स्वस्त पडावा म्हणून केंद्राने आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन उभी पिकं पाण्यात गेली. कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला 8,110 आणि मध्यम धाग्याला 7,710 रुपये होता, व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होते. वेचणी किलोवर असते आणि भाव पडला म्हणून वेचणीचा दर पडत नाही. उलट भिजलेली, अर्धवट फुटलेली बोंडं वेचायला वेळ जास्त लागतो. म्हणून शेतकरी म्हणतो वेचणी परवडत नाही, वेचणारी म्हणते दिवसभरात पंचवीस किलोसुद्धा भरत नाही. दोघंही खरं बोलतात. अमेरिकेतल्या शुल्काचं भांडण शेवटी परभणीच्या एका बांधावर, दोन कोरडवाहू माणसांत होतं. त्यातला जो शेतकरी, त्याचीही अडीच एकरच असते आणि दिवाळीनंतर तोही कुठेतरी मजूर असतो.

आणि दिवाळीनंतरचं ‘कुठेतरी’ म्हणजे बहुतेक वेळा ऊस.

साखर निर्यातीचं पीक आहे असं आपल्या डोक्यात पटकन येत नाही. पण 2021-22 च्या हंगामात भारताने सुमारे 110 लाख टन साखर परदेशी पाठवली, आजवरची सर्वाधिक. त्या साली देशात सगळ्यात जास्त साखर महाराष्ट्राने केली, सुमारे 137 लाख टन. आणि महाराष्ट्राचा ऊस तोडायला दरवर्षी लाखो माणसं घर सोडतात, त्यात बीड जिल्हा सगळ्यात पुढे. दसरा-दिवाळीला ट्रक-ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. त्या साखरेतलं कोणतं पोतं परदेशी गेलं आणि कोणतं आपल्या चहात, हे कुणी वेगळं काढू शकत नाही. पण निर्यात खुली असली की कारखान्याच्या गोदामातला साठा हलतो आणि साखरेचा भाव टिकतो; बंद असली की साठा अडकतो.

नवख्या वाचकासाठी तोडीचा व्यवहार सांगतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, तिला म्हणतात उचल. ती हंगामभर तोडीतून फेडायची. एक दिवस काम बुडलं तर ‘खाडा’, त्याचा दंड, पाचशे रुपये वगैरे, हिशोबात. तोडणीचा दर जानेवारी 2024 मधल्या कराराने 34 टक्क्यांनी वाढून टनाला साधारण 366 रुपये झाला.

आता कागद-पेन्सिल घ्या. धरून चालू की उचल 1 लाख रुपये आणि जोडप्याची तोड रोज 2 टन, म्हणजे चांगलीच. 1 लाख भागिले 366, म्हणजे 273 टन. रोज 2 टनांनी 137 दिवस, एकही खाडा न करता. साडेचार महिने चांगला चाललेला हंगाम म्हणजे फक्त उचल फिटली. घरी नेण्यासाठी उरतं ते वाढं विकून आलेलं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याचे पैसे.

आणि हंगाम 100 दिवसांतच आटोपला तर? 100 दिवस, 200 टन, 73,200 रुपये. 26,800 अंगावर. ते पुढच्या उचलीतून कापले जाणार, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलंच. हे माझं मनातलं गणित नाही. 2024-25 मध्ये ऊस कमी होता आणि राज्यातला हंगाम सरासरी 100 दिवसही चालला नाही. 2025 च्या जानेवारीत केंद्राने 10 लाख टन साखर निर्यातीला परवानगी दिली, तेव्हा बातमीत कारखान्यांना दिलासा असं होतं. साखरेचा भाव सुधारला की कारखान्याला दिलासा, एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, वेळेत मिळाली तर शेतकऱ्याला. तोडणाऱ्याचा दर भावाला बांधलेलाच नाही. तो टनाला आहे आणि तीन-चार वर्षांतून एकदा संप-बैठकीत ठरतो.

हंगाम लांबला तर चांगलं, असं वाटेल. तर 2022 चा उन्हाळा आठवा, त्याच विक्रमी निर्यातीच्या वर्षाचा. पाऊस चांगला झाला होता, मराठवाड्यात ऊस भरमसाट लावला होता आणि जूनपर्यंत तो शेतात उभा होता. एप्रिल-मेच्या उन्हात उसाच्या फडात वारा नसतो, पाचटाची धार अंगावर येते. टोळ्या कंटाळून घरी निघून गेल्या, उरलेल्यांनी जादा पैसे मागितले, मग ‘तोडणीवाले अडवून धरतात’ अशी ओरड झाली. सरकारने 1 मे नंतर गाळलेल्या उसासाठी अनुदान दिलं, वाहतुकीचं आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) घटल्याचं, त्यात उताऱ्याचे टनाला 200 रुपये. तोडणीचं नाव त्यात नव्हतं.

या सगळ्याचा हिशोब बाईच्या अंगावर कसा निघतो, हे बीडने देशाला दाखवलं. 2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा जणींत एक. फडात पाळी आली तर ना आडोसा, ना पाणी; दुखलं म्हणून बसलं तर खाडा; वर पांढरं जाणं, पोटदुखी म्हणून डॉक्टरकडे गेलं की ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’. कोयता अर्धा होऊ नये ही काळजी नवऱ्यालाही आणि तिलाही. 2024 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हाच प्रश्न जगभर विकल्या जाणाऱ्या शीतपेयांच्या साखरेपर्यंत नेऊन जोडला आणि मग बाहेरच्या खरेदीदारांना बीड नकाशावर शोधावं लागलं. द्राक्षाच्या बागेत संडास आला, कारण द्राक्ष जसंच्या तसं तोंडात जातं. साखर भट्टीतून जाते, त्यामुळे तोडणाऱ्या बाईच्या हाताशी खाणाऱ्याचा संबंध येत नाही. अटी कुणाच्या सोयीने झिरपतात ते इथे स्पष्ट दिसतं.

युरोपीय संघाने 2024 मध्ये कायदा केला की मोठ्या कंपन्यांनी आपल्या मालाच्या साखळीत खालपर्यंत मजुरांचे हक्क तपासावेत. 2025 मध्ये त्याची मुदत पुढे ढकलली, अटी सैल करायला घेतल्या. आपल्या टेलला त्याचं पाणी कधी पोचेल ते बघू.

गावावर होणारा परिणाम पैशात दिसत नाही. नोव्हेंबरात शिरूर-कासारच्या किंवा पाटोद्याच्या एखाद्या वस्तीवर जा. म्हातारीकोतारी आणि कुलपं. पोरं शाळेच्या पटावर असतात, फडात वाढं गोळा करत असतात. सहाव्या-सातव्या इयत्तेच्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न आई-बापाला झोपू देत नाही आणि त्याचं उत्तर पुष्कळदा लग्न असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी सुमारे 44 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लग्न झालं की शिवाय पूर्ण कोयता होतो, पूर्ण उचल मिळते. परभणीचा आकडा तर बीडच्याही वर आहे, म्हणजे सगळा दोष एका उसाचा नाही.

आणि पाणी. एक किलो साखरेमागे उसाला साधारण 2,000 लिटर पाणी लागतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूर, भोवतीच्या उसासकट. 2019 मध्ये विभागीय आयुक्तालयानेच मराठवाड्यात ऊस नको असा प्रस्ताव दिला होता. पुढच्याच पावसाळ्यांनी धरणं भरली आणि उसाचं क्षेत्र आणखी वाढलं. साखरेच्या पोत्यातून परदेशी जाणारं हे पाणी कुणाच्या विहिरीतलं, याची मात्र कुठल्याच बंदरावर नोंद होत नाही. ज्याच्याकडे बोअर खोल नेण्याची ऐपत नाही, तो कोरडवाहू राहतो आणि कोरडवाहू माणूस कोयता उचलतो. म्हणजे एकाच पिकाने त्याला आधी गावातून हुसकायचं आणि मग फडात कामाला लावायचं.

यावर काय झालं? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झालं. कारखान्यांनी टनाला 10 रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलं. संत भगवानबाबांच्या नावाने मुलामुलींची वसतिगृहं सुरू झाली. ग्रामसेवकाने प्रत्येक तोडणाऱ्याची नोंद करून ओळखपत्र द्यायचं, हेही ठरलं. कागदावर चांगलं आहे. टनाला 366 रुपये देणाऱ्या धंद्यात कल्याणाचे 10 रुपये, हे प्रमाण मला खटकतं. पण ओळखपत्राची गोष्ट मला त्यातल्या त्यात महत्त्वाची वाटते आणि त्याला कारण पुन्हा आमची मावशीच आहे.

ती कांद्याला जाण्याआधी बारा हंगाम उसाला जात होती. मुकादमाच्या वहीत तिचं नाव कधीच नव्हतं. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, हिशोब नवऱ्याच्या नावावर. ती म्हणजे त्या कोयत्याचा अर्धा भाग. नोंदणी आली तेव्हा ती सुनेबरोबर ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकाने विचारलं, “नाव?” तिने सवयीने नवऱ्याचं सांगितलं.

“त्यांचं नाही, तुमचं. किती वर्षं जाता उसाला?”

ती सुनेकडे बघायला लागली. मग म्हणाली, “माझी वेगळी वर्षं मोजली नाहीत कधी.” तिथेच बाकावर बसून दोघींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सुनेचं लग्न कोणत्या हंगामात झालं, थोरला नातू फडात कोणत्या साली झाला, पाणी नव्हतं ते वर्ष कोणतं. ग्रामसेवकाने पेन खाली ठेवलं आणि थांबला. बारा निघाली.